लळा लागू नये म्हणून मावश्या बदलायच्या?

पत्र:

“मी डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत पाळणाघर चालवते. सकाळी साडेसहाला पहिलं मूल येतं, रात्री साडेआठला शेवटचं जातं. दीड वर्षाखालची ५, दीड ते तीन वर्षांची ७ आणि दुपारी शाळेतून येणारी मोठी ७ अशी १९ मुलं आहेत. मदतीला चार मावश्या. दोघी मुलांचं बघतात, दोघी स्वयंपाक-साफसफाई सांभाळून मुलांचं बघतात.

धाकट्या मावशीचा एका सोळा महिन्यांच्या मुलाला इतका लळा लागलाय की तिच्याशिवाय तो जेवत नाही, झोपत नाही. शिमग्याला ती गावी गेली तेव्हा त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. परवा तो तिला ‘आई’ म्हणाला आणि नेमकी त्याची आई दारात उभी होती. त्या वेळी ती काही बोलली नाही. रात्री फोन करून म्हणाली, ‘त्याला दुसऱ्या मावशींकडे देत जा.’ आता ही मावशीच म्हणतेय की हॉस्पिटलात आयाचं काम मिळतंय, तीन हजार जास्त आहेत, महिनाअखेर जाईन. तिची मुलगी दुसरीत आहे, साडेबाराला शाळेतून येऊन शेजारी बसते, त्याचंही तिला टेन्शन असतं. शिवाय एका घरून तिला रविवारी बोलावणं असतं, ते लोक हातावर पाचशे ठेवतात, त्यावरून बाकीच्या तिघी धुसफुसतात.

माझे मिस्टर म्हणतात, दर आठवड्याला मावश्यांचे गट बदलत जा, म्हणजे कुणाला कुणाचा लळाच लागणार नाही आणि कुणी गेली तरी अडणार नाही. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. एक पालक कॅमेरे लावा म्हणून मागे लागलेत ते वेगळंच. काय करू?”

– पाळणाघरवाली काकू, डोंबिवली

उत्तर:

काकू, गट बदलू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं उत्तर लांबणार आहे आणि तोवर तुमच्या घरात सोमवारपासूनचा तक्ता भिंतीवर लागलेला असेल.

मिस्टरांना मी दोष देत नाही. ते सुचवतात तसा कारभार भल्याभल्यांनी करून पाहिलाय, आणि मुलांच्या भल्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघींनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं काढली होती. सुरुवातीला तिथे सगळ्याजणी मिळून सगळ्या मुलांचं करायच्या. खाणंपिणं, स्वच्छता, औषधपाणी यांत खोट नव्हती. तरी घरात वाढणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्यात मागे होती, शी-शूच्या सवयीत मागे होती. मग त्यांनी चार-पाच मुलांमागे एक बाई अशी ‘कुटुंबं’ पाडली. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. आपापल्या बाईला मुलं चिकटून बसायला लागली, तिनं दुसऱ्याला मांडीवर घेतलं की रडारड, मारामारी, ती खोलीबाहेर गेली की भोकाड. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, बरं चाललेलं उगीच बिघडवलं. पण त्याच मुलांचं बोलणं पुढे सरकलं, अडलेल्या सवयी लागायला लागल्या. दोघींनी हे सगळं त्याच वेळी लिहून ठेवलंय.

ती मुलं रात्रीही तिथेच राहायची, तुमची घरी जातात, हा फरक मोठा आहे हे मान्य. पण जे मूल सकाळी सातला येतं आणि संध्याकाळी सातला जातं, त्याच्या जागेपणाचे बहुतेक तास तुमच्याकडेच जातात. एवढा वेळ त्याला कुणीतरी ‘आपलं’ लागतंच. ते मिळू दिलं नाही तर रडणं कमी होईल हेही खरं. मागून काही मिळत नाही हे कळलं की मूल मागायचं सोडतं. पाळणाघर शांत होतं आणि पाहुण्यांना फार आवडतं. मला अशा शांत पाळणाघरांची भीती वाटते.

हिशेबाच्या बाजूनंही ही युक्ती महागात पडते. पन्नासच्या दशकात इझाबेल मेन्झीस या अभ्यासक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सेसचं काम जवळून पाहिलं. तिथे नर्सनं रुग्णात गुंतू नये म्हणून कामाचे तुकडे केलेले असायचे. एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांची अंथरुणं बदलायची, आणि वॉर्डही सारखे बदलायचे. गुंतणं टळलं खरं, पण शिकाऊ नर्सेस धडाधड सोडून जात होत्या, कारण ज्या ओढीनं त्या या कामात आल्या होत्या तीच काढून घेतली होती. तुमच्या मावश्यांचंही तेच होईल. महिन्याच्या पगारात बारा-बारा लंगोट कोण बदलेल? जिला त्यातली तीन-चार पोरं आपली वाटतात ती बदलेल. ते आपलेपण काढून घेतलं तर उरते ती मजुरी, आणि मजुरी हॉस्पिटलात जास्त मिळते. म्हणजे कुणी गेलं तर अडू नये म्हणून केलेल्या सोयीनंच माणसं जायला लागतात.

मग तुमचं चुकतंय कुठे? त्या मुलाला एकच माणूस आहे, तिथे. तिच्याखेरीज कुणीच नाही, म्हणून शिमगा अंगावर आला. प्रत्येक लहान मुलामागे एक मावशी त्याची आणि दुसरी ओळखीची, अशी जोडी लावा. पहिलीनं शक्यतो त्याचं सगळं करावं: भरवणं, धुणं-पुसणं, झोपवणं, आईशी बोलणं. दुसरीनं रोज थोडा वेळ त्याच्याशी असावं, पहिली तिथेच असताना, आणि तो हसरा असताना. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पहिली सुट्टीवर गेली की मूल रडायला लागतं आणि मग दुसरी त्याला उचलते. मुलाच्या लेखी दुसरी म्हणजे रडण्याच्या वेळी येणारी बाई. तिचा चेहरा दिसला की तो आधीच सूर लावतो, आणि तिला वाटतं, याला मी आवडत नाही.

दुसरीकडे कामं सोपवायचाही क्रम असतो. आधी खेळ. मग संध्याकाळचं खाणं, खिमट किंवा केळं कुस्करून, कारण त्या वेळी मूल तितकं थकलेलं नसतं. मग कपडे बदलणं. झोपवणं सगळ्यांत शेवटी. झोप लागताना मूल सगळी हत्यारं खाली ठेवतं, ते परक्याच्या मांडीवर ठेवायला त्याला वेळ लागणारच. थोपटायची पद्धतही सारखी हवी. पहिली पाठीवर थोपटत असेल आणि दुसरी कपाळावर, तर तेवढ्यावरूनही अर्धा तास जातो. हे बारीकसारीक वहीत लिहून ठेवा: कोणती चादर, कोणतं गाणं, पाणी वाटीनं की चमच्यानं. बदली बाई येते तेव्हा तिला सूचनांच्या भाषणापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

आता चार मावश्यांचं. काकू, तुमच्याकडे चार मावश्या नाहीत, दोन आहेत. उरलेल्या दोघी पोळ्या लाटताना, फरशी पुसताना मुलांकडे ‘लक्ष ठेवतात’. कणकेचे हात असलेली बाई रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊ शकत नाही. मुलं मोजताना आपण डोकी मोजतो, मावश्या मोजताना मांड्या मोजायला हव्यात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतो असा नियम आहे. दोन वर्षांच्यांसाठी २०२३ पर्यंत चार मुलांमागे एक होता, तो सैल करून पाच केला तेव्हाही बरीच ओरड झाली. आपल्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असायची. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी डोंबिवली आहे. इंग्लंडचं माप लावा असं मी म्हणत नाही, तुमची फी त्यात बसणार नाही. पण तुमच्या बारा लहानग्यांमागे तीन मोकळ्या मांड्या तरी हव्यातच, त्याहून कमी असल्या की मावशी चांगली की वाईट हा प्रश्नच उरत नाही, ती फक्त आग विझवत असते.

तिसरी मांडी नवी बाई न ठेवताही काढता येईल. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. मोठ्या मुलांच्या पोळ्या तिथून घ्या. लहानांचं खिमट, मऊ भात, नाचणीचं सत्त्व तेवढं घरी होऊ द्या. दोघींपैकी एक पूर्णपणे मुलांकडे येईल. तिला विचारा मात्र. काहींना स्वयंपाकघरच बरं वाटतं आणि पोरांत बसवलं की त्या कावतात.

वेळांचंही बघा. पत्रात लिहिलेलं नाही, पण चौघीही नऊ ते सहा असतील आणि सकाळ-संध्याकाळ तुम्ही एकट्या, असा माझा अंदाज आहे. बहुतेक ठिकाणी असंच असतं. दहा वाजता खोलीत माणसंच माणसं आणि संध्याकाळी सातला, जेव्हा मुलं सगळ्यांत थकलेली असतात, लोकल लेट असते, मोठी मुलं अभ्यासाला कंटाळलेली असतात, तेव्हा एकटी काकू. दोघींना सकाळी साडेसहाला बोलवा आणि साडेतीनला सोडा, दोघींना साडेअकराला बोलवून साडेआठला. दुपारी जेवणखाण आणि झोपवणं चौघींच्या हातात येईल, तीच खरी गर्दीची वेळ आहे. दुपारी मुलं झोपली की आळीपाळीनं त्यांनाही टेकू द्या. आणि जोडी लावताना एक सकाळची, एक दुपारची अशी लावा, म्हणजे मुलाला सोडताना आणि घेऊन जाताना दोन्ही वेळा आईला त्याच्या दोघींपैकी एक भेटेल. रात्री साडेआठला एकट्या बाईनं घरी कसं जायचं हेही तुम्हीच ठरवून द्या, शेअर रिक्षाचे पैसे पगारात धरा.

एवढं सगळं केलं तरी बारा मुलांना दिवसभर कडेवर घेणं कुणालाच जमणार नाही, आणि गरजही नाही. बुडापेस्टमध्ये एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ साली अनाथ बाळांसाठी एक घर सुरू केलं. त्यांच्याकडेही हात मोजकेच होते. त्यांनी ठरवलं की बाळाला भरवताना, अंघोळ घालताना, लंगोट बदलताना बाईचं लक्ष पूर्णपणे त्या एका बाळाकडेच असेल. घाई नाही, मध्येच दुसरीशी गप्पा नाहीत, ‘आता पाय उचलूया हं’ असं सांगून मगच पाय उचलायचा. बाकीचा वेळ मुलं जमिनीवर आपापली खेळत. ही कामं तुम्हाला तशीही करावीच लागतात. रोज सहा-सात वेळा लंगोट बदलताना त्या मुलाला स्वतःची मावशी पुरी मिळाली, तर मधल्या वेळात ते तिला सोडून खेळू शकतं. रांगेत झोपवून पटापट बदलत गेलं तर वेळ वाचल्यासारखा वाटतो आणि तो पुढे रडण्यात जातो. मोबाइल बाजूला ठेवायचा असेल तर तो या वेळी. दिवसभर कपाटात कुलूप लावून ठेवण्यानं मावश्यांचा अपमान तेवढा होतो, आणि धाकट्या मावशीच्या शेजारणीचा फोन आला तर घ्यायचा कुणी?

यावरून त्या मावशीच्या मुलीकडे येते. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हे आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. ती बाई दुसऱ्यांची मुलं झोपवत असते तेव्हा तिचं स्वतःचं मूल शेजारणीच्या ओट्यावर बसलेलं असतं. हॉस्पिटलात गेली तरी हा प्रश्न सुटणार नाही, उलट तिथे रात्रपाळी येईल. तुमच्याकडे दुपारी सात शाळकरी मुलं असतात. आठवी ही मुलगी येऊ दे. फी नको, जेवण बाकीच्यांबरोबर, आणि तिच्याकडे बघणारी दुसरी मावशी असेल हे स्पष्ट ठरवा, म्हणजे आईची ओढाताण होणार नाही. बाकीच्या तिघींनाही हीच सोय द्यायची, नाहीतर नवी धुसफूस. हे तिच्याशी बोलताना उपकार केल्यासारखं बोलू नका. नोकरीची अट म्हणून सांगा.

पगार मात्र वाढवावा लागेल. मुलीची सोय केली म्हणून पैशाचा प्रश्न मिटतो असं नाही. एकटीचे तीन हजार वाढवलेत तर उद्या तिघी दारात उभ्या राहतील, आणि त्यांचं बरोबर असेल. चौघींचे दीड-दीड हजार म्हणजे महिन्याला सहा हजार. बारा लहान मुलांच्या फीत पाचशे-पाचशे वाढवले की तेवढे होतात. वाढ लहानांवरच टाका, कारण जास्तीचे हात त्यांनाच लागतात. पोळ्यांचा खर्च मोठ्यांच्या फीत थोडा-थोडा बसवा. पालकांना मोघम ‘महागाईमुळे’ असं लिहू नका. अमुक इतके पैसे मावश्यांच्या पगारात जाणार आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाची मावशी टिकेल, असं सरळ लिहा. दोन-तीन घरं कुरकुरतील, एखादं जाईलही. पण आपल्या मुलाची मावशी तीन महिन्यांनी बदलते तेव्हा घरी रात्री काय होतं हे ज्यांनी भोगलंय ते पैसे देतात.

खाड्याचे पैसे कापता का? कापत असाल तर महिन्याला एक पगारी सुट्टी आणि वर्षातून एकदा गावची सुट्टी पगारी करा. कोकणातल्या बायका गणपतीला गावी जाणार, शिमग्याला जाणार, मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की जाणार. हे दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी आपण नव्यानं चिडतो. जानेवारीतच कॅलेंडर समोर ठेवून चौघींच्या गावच्या तारखा लिहून घ्या. एका जोडीतल्या दोघी एकाच वेळी जाणार नाहीत एवढं बघायचं. बदली बाई आदल्या आठवड्यातच रोज दोन तास येऊन बसू दे, काही न करता, नुसती मुलांत. दिवाळीचा बोनस, पोस्टात तिच्या नावची आरडी, अशा गोष्टी जमतील तशा करा. पण पहिल्यांदा खाडा कापणं थांबवा. मूल तापलेलं असताना आई घरी राहते म्हणून तिचे पैसे कापायचे, आणि तिच्याकडून दुसऱ्यांच्या मुलांवर माया करायची अपेक्षा ठेवायची, हे काही जुळत नाही.

यातलं सगळं करूनही ती जाईल कदाचित. हॉस्पिटलात गणवेश असतो, ‘मी हॉस्पिटलात आहे’ असं सांगता येतं, त्याची किंमत आपण कमी धरतो. जात असेल तर चांगल्या मनानं जाऊ द्या, फक्त महिनाअखेरऐवजी पंधरा दिवस पुढे मागून घ्या. त्या काळात नव्या मावशीशी त्या मुलाची ओळख तिनंच करून द्यायची. जर्मनीत, बर्लिनमध्ये आखलेली एक पद्धत बऱ्याच पाळणाघरांत वापरतात. नवं मूल आलं की पहिले तीन दिवस आई किंवा बाबा त्याच्यासोबतच बसतात, त्याला सोडून जायचा प्रयत्नही करत नाहीत. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जातात आणि मूल नव्या बाईकडून शांत होतं का ते पाहतात. झालं तर वेळ वाढवायची, नाही तर आणखी थांबायचं. तुमच्याकडे आईच्या जागी ही मावशी बसेल. मुलाला ती दिसत राहील, हात नव्या मावशीचे असतील.

शेवटच्या दिवशी तिनं गुपचूप निघून जायचं नाही. दुपारी तो झोपल्यावर सटकणं हे सगळ्यांना सोपं वाटतं आणि तेच सगळ्यांत वाईट. मग तो डोळे मिटायलाच घाबरतो, आणि तुम्ही म्हणता, झोप का बिघडली? तो जागा असताना तिनं सांगावं की मी आता इथे येणार नाही, आता या मावशी तुला भरवतील. सोळा महिन्यांच्या मुलाला शब्द कळणार नाहीत सगळे, निरोप कळतो. तो रडेल. तीही रडेल, तिला रडू द्या. ‘बाजारात गेली, येईल हं’ असं दुसऱ्या दिवशी कुणीही म्हणायचं नाही. तिचा एक फोटो भिंतीवर त्याच्या उंचीला लावा. पुढे कधी तिला भेटायला यावंसं वाटलं तर येऊ द्या. पुष्कळजणी म्हणतात, आली की मुलं पुन्हा रडतात, जखम उकरली जाते. रडतात थोडं, पण माणूस जिवंत आहे, नाहीसं झालं नाही, एवढं त्यांना कळतं.

आता त्या आईचं. तिला दुसरी मावशी हवी आहे असं ती म्हणाली, पण तिला तेच हवंय असं मला वाटत नाही. मुलाच्या तोंडून दुसरीला ‘आई’ ऐकून जिचं काळीज हललं नाही अशी कुणी नसेल. फोनवर समजूत काढू नका. संध्याकाळी ती येईल तेव्हा पाच मिनिटं बाजूला घेऊन बसा. तिला सांगा की या वयात मुलाकडे मोजके शब्द असतात आणि एकेक शब्द ते चार ठिकाणी वापरतं. कुत्र्याला ‘भू भू’ म्हणणारं मूल गाईलाही ‘भू भू’ म्हणतं, तरी त्याला दोघांतला फरक दिसत नसतो असं नाही. अमेरिकेत १९९१ पासून १३६४ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. मूल दिवसा दुसऱ्याकडे राहतं एवढ्या कारणानं त्याचा आईशी असलेला बंध कच्चा राहतो असं त्यात आढळलं नाही. बंध ठरला तो आई मुलाकडे किती समजून बघते यावर. आपल्याकडे आजी, आत्या, काकू यांच्या कडेवर वाढलेल्या पिढ्यांना हे अभ्यासाशिवायही माहीत होतं, पण नोकरीवरून थकून आलेल्या बाईला ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे ऐकवू नका. आकडा ऐकवा, तो जास्त सोसवतो.

आणखी एक. ‘दिवसभर अगदी मजेत होता, तुमची आठवणसुद्धा काढली नाही’ हे वाक्य तुमच्या पाळणाघरातून हद्दपार करा. आपण ते दिलासा म्हणून बोलतो, ती ते तीन स्टेशनं उराशी धरून बसते. त्यापेक्षा काय खाल्लं, किती झोपला, दुपारी तुमची ओढणी घेऊन बसला होता, असं सांगा. आईला बघताच तो रडायला लागला तर मावशीनं ‘इतका वेळ छान होता हो’ म्हणू नये. दिवसभर आवरून धरलेलं तो तिच्यापाशीच सोडतो, हे आईला कुणीतरी सांगायला हवं. आणि त्यानं तुमच्याकडे पहिलं पाऊल टाकलं असेल तर तेवढं पोटात ठेवा. ‘उभा राहून हात सोडायला बघतोय, घरी लक्ष ठेवा’ इतकंच म्हणा. याला खोटं बोलणं म्हणत असतील तर म्हणोत.

२०१७ च्या मातृत्व कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा दिली. चर्चगेटला ऑफिस आणि डोंबिवलीला मूल असलेल्या आईला त्या चार फेऱ्यांचा काय उपयोग? तिला संध्याकाळची ही पाच मिनिटंच मिळतात. ती तुम्ही गल्ल्यावर बसून ‘चला चला, उशीर झाला’ म्हणत घालवू नका.

रविवारच्या बोलावण्याबद्दल थोडक्यात. सुट्टीच्या दिवशी ती कुठे जाते हा तिचा प्रश्न, तुम्ही बंदी घालू शकत नाही आणि घालूही नये. फक्त ते उघडपणे व्हावं. पाळणाघराच्या दारात, मुलासमोर पैसे हातावर ठेवणं बंद करायला त्या घरच्यांना सांगा. दिवाळीला पालकांना काही द्यायचं असेल तर एका डब्यात, चौघींत सारखं. बाकीच्या तिघींची धुसफूस पैशांपेक्षा मानाची आहे. प्रत्येकीची स्वतःची तीन-चार मुलं ठरली, त्यांच्या आया तिच्याशीच बोलायला लागल्या, की ती बरीच निवेल.

कॅमेऱ्यांबद्दल. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. दहा महिन्यांच्या बाळाला मारताना त्यात दिसत होतं, आणि तेव्हापासून पालक कॅमेरे मागतात. ते चुकीचं नाही. लावा, मुलांच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात. मावश्यांना सांगून लावा, आणि धुण्या-बदलण्याच्या जागी लावू नका. पालकांना चोवीस तास मोबाइलवर दाखवायचं मात्र टाळा, नाहीतर ऑफिसातून फोन येतील की माझ्या मुलानं टोपी का घातली नाही. शिवाय हात उगारण्याच्या आधीचा अर्धा तास कॅमेऱ्यात कुणी वाचत नाही. आठवं मूल किंचाळत असतं, पाठ भरून आलेली असते, सकाळपासून चहा मिळालेला नसतो. त्या क्षणी ‘माझ्याकडून होत नाहीये, तू घे’ असं मावशीला म्हणता यायला हवं, आणि म्हटल्यावर तुम्ही तिला नंतर बोल लावता कामा नये. कुणी असं म्हणालं की तिला गच्चीत पाच मिनिटं पाठवा. पण त्यासाठी मुलाला घ्यायला दुसरी मोकळी मांडी खोलीत असावी लागते. म्हणून कॅमेऱ्यांच्या खर्चाआधी पोळ्यांचा खर्च करा.

सुरुवात त्या मावशीपासून करा, आणि मिस्टरांशी तक्त्यावर वाद घालण्याआधी. पगार, मुलीची सोय, कामाच्या नव्या वेळा हे तिन्ही एकाच बैठकीत तिच्यापुढे ठेवा आणि विचार करायला दोन दिवस द्या. ती राहिली तरी जोडीचं काम थांबवू नका. गणपतीला ती गावी जाणारच आहे.